गॅरेजचा पाना आणि शिकाऊ उमेदवारीचा सापळा

उत्तर नागपुरातील एक मुलगा मागच्या महिन्यात आमच्या कचेरीत आला. अंगात धुतलेला, पण ग्रीसचे डाग न गेलेला शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. आयटीआयचे डिझेल मेकॅनिकचे प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीचा करार, वर्ष पुरे केल्याचा दाखला. शहरातल्या एका मोठ्या खासगी वर्कशॉपमध्ये त्याने वर्षभर काम केले. पहिले दोन-तीन महिने सोडले तर तो एकटा क्लच बसवत होता, हेड उतरवत होता, रात्री उशिरापर्यंत थांबत होता. वर्ष संपले त्या दिवशी त्याला सांगण्यात आले की जागा नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच जागेवर, तेच पाने हातात घेऊन नवा शिकाऊ उमेदवार उभा राहिला. "साहेब, जागा नाही तर मग तो कुठे उभा आहे?" असे त्याने आम्हाला विचारले. वकिलीत अनेक प्रश्नांना कलमाने उत्तर देता येते. याला लगेच देता आले नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून, विहारांतून मार्गदर्शन शिबिरे होतात. स्पर्धा परीक्षा, वकिली, वैद्यकी, संगणक यांवर भाषणे होतात. आम्हीही अशी भाषणे केली आहेत. त्या शिबिरात मोटार मेकॅनिकच्या धंद्यावर कोणी बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. उलट घरोघर धमकी एकच असते, "शिकला नाहीस तर गॅरेजवर टाकीन." म्हणजे गॅरेज ही शिक्षा. आणि प्रत्यक्षात वस्तीतली किती पोरे त्या शिक्षेवर घर चालवत आहेत, हे कामठी रोडवर किंवा वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात सकाळी फिरून आले की कळते. समाजातील शिकल्या-सवरलेल्या वर्गाने या पोरांचा प्रश्न कधी आपला मानला नाही. दोष आमचाही आहे, म्हणून आधी कबूल करून टाकतो.

वास्तविक या धंद्याकडे चळवळीने सर्वात आधी पाहायला हवे होते. बारा बलुतेदारांत मोटार दुरुस्त करणारा नव्हता. लोहाराच्या पोराने लोहार आणि चांभाराच्या पोराने चांभार व्हावे असे सांगणाऱ्या व्यवस्थेला मोटारगाडी ठाऊकच नव्हती. त्यामुळे या कामाला जातीचे नाव चिकटले नाही. वाहनदुरुस्तीत मुस्लिम कामगार मोठ्या प्रमाणात आहेत, याची नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही आहे. आमच्या पोरांनी हे काम शिकले ते बहुधा अशाच एखाद्या उस्तादाकडे. आधी चहा आणायचा, मग रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे, मग पाना द्यायचा, आणि उस्तादाचे मन झाले की पाना हातात घ्यायचा. तिथे जात विचारली जात नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. पण गाडी चालू झाली की नाही, एवढेच शेवटी विचारले जात होते.

तरीही जात दुसऱ्या दाराने आत येतेच. मनमाड येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. ते आपण दरवर्षी सांगतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपबद्दल काय सांगितले ते मात्र आपण विसरतो. अस्पृश्य माणूस वर्कशॉपमध्ये क्वचितच मेकॅनिक होतो, मिस्त्री तर फारच विरळा, फोरमन किंवा चार्जमन होण्याची गोष्टच नाही, तो कुली म्हणून शिरतो आणि कुलीच राहतो, अशी त्यांची तक्रार होती. पुढे २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनातही त्यांनी अनुसूचित जातींच्या तांत्रिक शिक्षणाचा प्रश्न मांडला आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत आपल्या तरुणांना शिकाऊ म्हणून घेण्याची गोष्ट पुढे केली. बॅरिस्टर झालेला, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा माणूस पान्याला कमी लेखत नव्हता. पाना कोणाच्या हातात द्यायचा हे कोण ठरवतो, हा त्यांचा प्रश्न होता.

आज कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन उभे राहा. काचेच्या आत पांढऱ्या शर्टात ग्राहकाशी बोलणारे कोण, संगणकावर जॉबकार्ड बनवणारे कोण, आणि मागे रॅम्पखाली वॉशिंग करणारे, ऑइल बदलणारे कोण? आमच्याकडे याची आकडेवारी नाही आणि आम्ही ती बनवून सांगणार नाही. ज्याने त्याने आपल्या गावात आडनावे विचारावीत.

सरकारला तरी हे दिसते काय? १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तेरा हजार कोटींची योजना. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचे कर्ज. ऐकायला फार चांगले. यादी मात्र वाचा. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, माळी, शिंपी अशा १८ धंद्यांची ती यादी आहे. त्यात मोटार मेकॅनिक नाही. पिढीजात, घराण्यातून किंवा गुरु-शिष्य परंपरेतून आलेला धंदा हवा, ही त्या योजनेमागची कल्पना आहे. बापाचाच धंदा करणार असशील तर ५ टक्क्यांनी पैसे, आणि बापाचा धंदा सोडून इंजिन उघडायला शिकलास तर मुद्राच्या रांगेत उभा राहा! चांभाराला अवजारे मिळू नयेत असे आमचे म्हणणे नाही, जरूर मिळावीत. पण ज्या धंद्याला जात नाही त्यालाच यादीत जागा नाही, हा योगायोग आम्हाला तरी पचत नाही. आणि उस्ताद-चेल्याचे गॅरेज ही गुरु-शिष्य परंपरा नाही तर काय आहे?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. त्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यातल्या वेतनसंहितेने किमान वेतन सर्व कामगारांना लागू केले, असा मोठा गाजावाजा झाला. त्याच संहितेत कामगाराच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवार वगळलेला आहे. त्याला मिळते ते विद्यावेतन. २०१९ च्या नियमदुरुस्तीने आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ते ३६ टक्के वाढवण्याची शिफारस केली. ती पूर्ण धरली तरी साडेनऊ हजारांच्या आसपास जाते. त्यात खोलीभाडे द्या, पेट्रोल टाका आणि घरी पैसे पाठवा.

एवढ्या स्वस्तात इंजिन उतरवणारा माणूस मिळत असेल तर मालक कायम माणूस का ठेवेल? दरवर्षी नवी तुकडी घ्यायची, दरवर्षी जुनी बाहेर काढायची. कायद्याने नेमून दिलेले प्रमाणही ऐसपैस आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे. पंधरा टक्के माणसे किमान वेतनाच्या बाहेर, संघटनेच्या बाहेर, आणि तेही कायदेशीर. कलम २२ पूर्वी म्हणत असे की मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही. २०१४ च्या दुरुस्तीने त्याऐवजी एवढेच आले की प्रत्येक मालकाने आपल्याकडे शिकलेल्यांना घेण्याबाबतचे धोरण स्वतः ठरवावे. धोरण ठरवणारा तो, पाळणारा तो आणि मोडणाराही तोच.

मात्र याच कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करायला हव्यात.

पहिली म्हणजे कलम ३-क. हे १९७३ साली आले. प्रत्येक नेमलेल्या ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवाव्यात असे ते सांगते. इतर मागासवर्गीयांसाठी तशीच तरतूद २००७ मध्ये झाली. शब्द पाहा, 'मालकाने'. सरकारी मालक असे तिथे लिहिलेले नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण द्या म्हणून आपण गेली वीस-पंचवीस वर्षे मोर्चे काढतो आहोत. आणि खासगी वर्कशॉपला, खासगी कारखान्याला लागू असलेले आरक्षण पन्नासहून अधिक वर्षे कायद्यात पडून आहे. ते नोकरीचे नाही, शिकण्याच्या जागेचे आहे, हे खरे. पण त्या जागा भरल्या जातात की नाही, हे विचारायला किती मोर्चे गेले? आपल्या जिल्ह्यातील मोठ्या वर्कशॉपनी मेकॅनिकच्या ट्रेडमध्ये किती शिकाऊ घेतले, त्यात अनुसूचित जातीचे किती, याची माहिती शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला १० रुपये लागतात.

दुसरी गोष्ट १९९५ ची. उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळात शिकाऊ म्हणून राबलेल्या पोरांच्या संघटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने नोकरीचा हक्क मान्य केला नाही. पण म्हटले की इतर सर्व गोष्टी सारख्या असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा शिकाऊ उमेदवारी केलेल्याला प्राधान्य द्यावे, रोजगार विनिमय केंद्राच्या पत्राची सक्ती त्याच्यावर करू नये, शिकण्यात गेलेली वर्षे वयोमर्यादेत धरावीत, आणि शिकलेल्यांची वर्षवार यादी ठेवून आधी शिकलेल्याला आधी मानावे. परीक्षेतून सूट मात्र त्याने मिळत नाही, हे नंतरच्या निकालांतून स्पष्ट झाले. म्हणजे मिळाले ते थोडेच आहे. तरी ती वर्षवार यादी कोणत्या विभागात ठेवली जाते, ती पाहायला कोण गेले? आमच्या त्या मुलाचे वर्कशॉप खासगी असल्याने हा निकाल त्याच्या थेट कामाचा नाही, हे आम्ही त्याला सांगितले. खोटी आशा देण्याची वकिली आम्ही करत नाही.

एस.टी.चे नाव निघाले म्हणून आणखी एक. महाराष्ट्रात एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, शिवाय विभागीय कार्यशाळा आणि आगारे. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या आयटीआय झालेल्या पोरासाठी हीच एक जागा अशी होती की जिथे पाना हातात घेऊन पगार, फंड आणि निवृत्ती मिळायची, आणि शिरताना आरक्षण होते. हिंगण्याच्या कार्यशाळेतल्या पगारावर पोरांना इंजिनियर केलेली घरे आम्हाला ठाऊक आहेत. आता विजेच्या बस आल्या. महामंडळाने ५,१५० विजेच्या बस भाडेकरारावर घेण्याचे कंत्राट दिले. अशा करारात बस कंत्राटदाराची, चालक त्याचा आणि देखभालही त्याची. मुंबईत बेस्टमध्ये हेच आधी झाले आणि स्वतःच्या बसगाड्या शेकड्यांत येऊन पोहोचल्या. महामंडळाने अलीकडे स्वतःच्या मालकीच्या डिझेल बसही घेतल्या आहेत, म्हणून कार्यशाळा उद्याच बंद होतील अशी आवई आम्ही उठवत नाही. पण नवे तंत्र जिथे आले तिथले काम आरक्षणाच्या बाहेर गेले, हे दिसते ना? कोणी आरक्षण रद्द केले नाही. कोणी घटनेला हात लावला नाही. फक्त बस भाड्याने घेतली.

हीच गोष्ट छोट्या गॅरेजची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. दुचाकीचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले. पूर्वी उस्ताद आवाजावरून सांगायचा की टायमिंग बिघडले आहे. आता गाडी स्वतःच सांगते, पण तिची भाषा स्कॅनरला कळते आणि कंपनीचे पुरे सॉफ्टवेअर कंपनीच्याच सेंटरला मिळते. त्यामुळे कामठी रोडवरचा पंधरा वर्षांचा अनुभव असलेला मेकॅनिक गिऱ्हाइकाला म्हणतो, "हे शोरूमलाच न्या." हा अडाणीपणा नाही. त्याला कुलपाची किल्ली दिलेली नाही.

किल्ली द्या असा निकाल झालेला आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. कारण हेच, की सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजला मिळू दिली जात नव्हती. ती उपलब्ध करा, असा आदेशही दिला. पुढे अपिले झाली, न्यायालये झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही काढले, त्यात वाहनांचे क्षेत्र आहे. सक्तीचा कायदा मात्र नाही. हा वाद मोटारमालक ग्राहकाचा म्हणून चालला. तो गॅरेजवाल्याच्या पोटाचा आहे असे सांगायला आयोगापुढे गॅरेजवाला उभा राहिला पाहिजे, आणि त्याच्या बाजूला वकील. आपल्या समाजात आज वकिलांची कमी नाही. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेले किती तरी दिसतात.

विजेच्या गाडीला ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. दर तीन महिन्यांनी येणारे गिऱ्हाईक तिथे येणार नाही. तीनचाकीत ही गाडी झपाट्याने पसरली आहे, दुचाकीत अजून नव्या विक्रीतला वाटा शेकडा दहाच्या खाली आहे. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा ट्रेड सुरू झाला आहे. आपल्या पोरांनी आणि मुलींनीही तो घ्यावा. स्कूटरची बॅटरी ४८ ते ७२ व्होल्टची असते, मोटारीची तीनशे-चारशे व्होल्टची. तिथे हातमोज्यांशिवाय नारिंगी केबलला हात लावणे म्हणजे जीव जाणे. तार ओढून ठिणगी पाहण्याची जुनी सवय इथे चालणार नाही, हे उस्तादांना सांगणारे कोणी हवे.

जिवाची गोष्ट निघालीच आहे. डिझेलचा धूर कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून टायमिंग लावणाऱ्याला हे कोणी सांगितले? दुकाने व आस्थापना कायद्याची २०१७ पासूनची मर्यादा १० कामगारांची होती, २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती २० करण्याचे ठरवले. चार माणसांचे गॅरेज तेव्हाही बाहेर होते, आताही बाहेरच. आणि 'छोटू'? १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सरसकट गुन्हा आहे. गॅरेजचे नाव तर जुन्या कायद्याच्या धोक्याच्या यादीतही होते. आपल्याच समाजाच्या गॅरेजमध्ये छोटू दिसला तर त्याच्या हातातला पाना काढून घ्या, त्याला शाळेत घाला आणि मग मालकाशी बोला.

छोट्या गॅरेजला कायद्यात एक फट चांगलीही आहे. चार किंवा अधिक माणसे असली तर तेही स्वेच्छेने शिकाऊ उमेदवार नोंदवू शकते, आणि केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसते. उस्तादाकडे बारा वर्षे काढून ज्याच्याजवळ एक कागद नाही, त्याला पूर्वज्ञानाच्या चाचणीवर प्रमाणपत्र मिळते. कागद नसल्यामुळे बँक दारात उभे करत नाही, कंपनी घेत नाही, परदेशी जाता येत नाही. ही दोन्ही कामे विहाराच्या ओसरीत बसून, एका रविवारी, एका संगणकावर करता येतात. वस्तीतल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून दोन-तीन गॅरेज मिळून एक चांगला स्कॅनर घेऊन दिला तर बाबासाहेब रागावणार नाहीत, असे आम्हाला वाटते. डीजे एक वर्ष कमी वाजेल.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही मालकाला नोटीस पाठवली आहे. कलम २२ खालचे तुमचे धोरण लेखी दाखवा, कलम ३-क प्रमाणे राखीव जागा किती भरल्या ते सांगा, आणि वर्षभर तो शिकत होता की नेहमीच्या मेकॅनिकचे काम करत होता याचे जॉबकार्ड हजर करा, अशा तीन मागण्या आहेत. जॉबकार्डांवर त्याच्या हाताने लिहिलेले गाडीनंबर आणि वेळा आहेत, आणि त्याने शहाणपणाने त्यातल्या काहींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. कराराखालचा वाद कलम २० प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढे जातो आणि त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत अपील होते. ज्यांची वर्षे अशीच गेली त्यांनी कराराची नोंदणी झालेली प्रत, बँकेचे पासबुक आणि असे काही फोटो असतील तर घेऊन यावे. करार नोंदलाच नसेल तर आधी या, कारण मग तो शिकाऊ नव्हताच, कामगार होता, असे म्हणायला आम्हाला जागा मिळते.

मुलगा सध्या कामठी रोडवर एका उस्तादाकडे आहे. नोटिशीचे उत्तर अजून आलेले नाही.